आमचं लाटणं वेगळं ठेवू नका : नाशिक जिल्ह्यातल्या बचत गटांना खुलं पत्र

नाशिक जिल्ह्यातल्या महिला बचत गटांच्या अध्यक्ष, सचिव आणि सगळ्या सभासद ताईंना,

सप्रेम नमस्कार.

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात राहते. द्राक्षबागेत कामाला जाते. छाटणी-विरळणीचे दिवस नसले की घरी शिलाई मशीन चालवते. २०१० पासून बचत गटात आहे. त्यातली सहा वर्षं मी सचिव होते, म्हणजे गटाचं दप्तर माझ्या घरच्या पेटीत असायचं. आणि २००८ पासून मला एचआयव्ही आहे. गावाला ही गोष्ट २०२२ साली कळली. ती मी स्वतःच सांगितली.

पत्र तुम्हालाच का लिहिते आहे? गावातल्या बायका दर महिन्याला न चुकता एकमेकींच्या समोर बसतात अशी गटाच्या सतरंजीसारखी दुसरी जागा मला माहीत नाही. ग्रामसभेत आपण मागे उभ्या असतो, दवाखान्यात रांगेत असतो. सतरंजीवर मात्र गोल करून बसतो आणि प्रत्येकीचं नाव घेऊन हप्ता मांडला जातो. मला जे मागायचं आहे ते त्या गोलातच मागता येतं.

आधी त्या दिवसाचं सांगते.

संक्रांतीनंतरची बैठक होती. हप्ते गोळा होत होते, मी लिहून घेत होते. माझ्या मांडीवर शेजारणीची दीड वर्षाची नात झोपली होती. तिला माझ्या मांडीची सवयच होती. बोलता बोलता विषय गावातल्या एका नव्या सुनेवर गेला. ती पोटुशी होती, तिच्या रक्तात एचआयव्ही निघाला होता, आणि जी गोष्ट चार भिंतींत राहायला हवी होती ती गावभर झाली होती. एक म्हणाली, तिला माहेरी धाडून द्यावं. दुसरी म्हणाली, नळावर तिचा हंडा शेवटी लावायला सांगा. तिसरीला मी सख्ख्या बहिणीसारखी मानते. ती म्हणाली, "असल्या बाईनं पोर कशाला ठेवावं?"

माझं पेन थांबलं. मी म्हणाले, "बारा वर्षं मी तुमच्यात बसते आहे. मलाही तेच आहे. पोटात असताना कळलं होतं. माझी पोरगी तुमच्या डोळ्यांदेखत वाढली, तिला काही नाही."

कुणी ओरडलं नाही, कुणी उठून गेलं नाही. शेजारीण पुढे वाकली आणि माझ्या मांडीवरची नात तिनं हळूच, तिची झोप मोडू न देता, उचलून घेतली.

पुढच्या बैठकीत दप्तर मागितलं गेलं. "तुला आता दगदग नको," असं म्हणाल्या. हे त्या मायेनंच म्हणाल्या, म्हणून मला उलट काही बोलता आलं नाही. मग उडदाच्या पापडाचे दिवस आले. आमच्या गटाचे पापड नाशिकच्या दुकानांत जातात, त्या चार-पाच दिवसांत वर्षाची कमाई असते. मी पोहोचले तेव्हा लाटण्यांच्या ढिगातून एक लाटणं बाजूला काढून ठेवलं होतं. त्याच्या मुठीला निळी लोकर गुंडाळलेली होती. "तुझं तुला ओळखू यावं म्हणून." दिवसभर मी त्या लाटण्यानं पापड लाटले. माझे पापड गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या साडीवर वाळत पडले. पॅकिंग करताना ते मला दिसले नाहीत. कुठे गेले, मी विचारलं नाही. संध्याकाळी ते लाटणं पिशवीत घालून घरी आणलं. त्यानंतर पापडाचा निरोप मला आला नाही.

ताई, माझ्या गटातल्या बायका वाईट नाहीत. २०११ साली माझा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस माझ्या घरी चूल पेटली नाही, कारण त्यांच्या घरून भाकरी येत होत्या. माझ्या पोरीची पहिली सायकल गटाच्या कर्जातून आली. अशा बायका एका दुपारीत बदलत नसतात. त्या घाबरल्या होत्या, आणि ती भीती घालवेल असं त्यांना कुणी कधी नीट बसून सांगितलं नव्हतं. पोस्टर लावून गेले, एक डिसेंबरला, एड्स दिनाला, शाळेच्या पोरांची फेरी निघाली, घोषणा झाल्या. पण "तुझ्या शेजारी बसलेल्या बाईला असेल तर तू काय करशील?" हे कुणी विचारलं नाही.

म्हणून मीच सांगते. एचआयव्ही रक्तातून जातो, निरोध न वापरता आलेल्या शरीरसंबंधातून जातो, वापरलेल्या सुईतून जातो, आणि आईकडून बाळाला पोटात, बाळंतपणात किंवा दुधातून जाऊ शकतो. पिठातून जात नाही. घामातून, हंड्यातून, एका ताटातून, डास चावून जात नाही. मांडीवर झोपलेल्या लेकराला जात नाही.

आता जे सांगते ते त्याहून कमी जणींना माहीत आहे. रोज एक गोळी, चुकवायची नाही, एवढं पथ्य पाळलं की रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडतच नाहीत. त्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात, ती सरकारी केंद्रात फुकट होते. विषाणू सापडत नाहीत अशी स्थिती टिकवली तर शरीरसंबंधातूनसुद्धा जोडीदाराला लागण होत नाही. हे मी मनाचं सांगत नाही, जागतिक आरोग्य संघटनेनंच म्हटलं आहे. माझ्या रिपोर्टवर कित्येक वर्षं 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं येतं. आम्ही बायका त्याला टीएनडी म्हणतो. "आला का टीएनडी?" असं एकमेकींना विचारतो, तुम्ही "लागला का निकाल?" विचारता तसं.

बाळाचंही सांगते, कारण त्या दिवशी बैठकीत तोच प्रश्न होता. काहीच उपचार नसेल तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. आईनं वेळेवर औषध घेतलं तर ते प्रमाण पाचाच्या खाली येतं. माझ्या वेळी, २००८ ला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर मला एक गोळी आणि पोरीला जन्मल्यावर थेंब, इतकंच होतं. तरी अठराव्या महिन्याला तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता तर गरोदरपणात कळलं की लगेच गोळ्या सुरू होतात आणि त्या आईला पुढे जन्मभर मिळतात. त्या सुनेचं काय झालं, हे तिला विचारूनच लिहिते. ती माहेरी गेली नाही. चौथ्या महिन्यापासून गोळी घेत राहिली, तपासणीच्या तारखांना मी तिच्याबरोबर गेले. तिचा मुलगा आता अंगणवाडीत जातो. त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही.

एक प्रश्न मला गेल्या चार वर्षांत सगळ्यांनी विचारला आहे. तुला झाला कसा? नवरा कुठे कामाला होता? तो बाहेर जायचा का? मी याचं उत्तर देत नाही, आणि तुमच्या गटातल्या कुणाला विचारूही नका अशी विनंती आहे. मधुमेह झालेल्या बाईला आपण "तू कोणत्या लग्नात किती जिलेब्या खाल्ल्यास?" असं विचारत नाही. उत्तर ऐकून विचारणारी मनात एक तागडी घेऊन बसते, ही बिचारी की ही तसली. बिचारी ठरले तर दया येते, तसली ठरले तर नळावर नंबर शेवटचा. मला त्या तागडीत बसायचं नाही, आणि माझ्या मागून येणाऱ्या कुणा बाईनंही बसू नये.

आता माझ्या दुसऱ्या गोलाविषयी. त्याच्याशिवाय मी त्या बैठकीत तोंड उघडूच शकले नसते.

२०१२ मध्ये माझे सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, उतरले आणि गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा सीडी-फोर ठरावीक आकड्याच्या खाली गेल्याशिवाय गोळ्या मिळत नसत. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच सुरू, हे २०१७ पासून झालं. मी नाशिकला एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रात, जायचे. तोंडावरून पदर, नजर खाली, कुणी ओळखीचं दिसलं तर सांगायला एक खोटं तयार. बाकावर शेजारी येवल्याकडची एक बाई बसली होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. घरी पैठणीचा माग होता त्यांचा. तिनं माझ्याकडे न बघताच विचारलं, "कापूस आणलास का गं?"

मला कळेना. तिनं माझ्या हातातली गोळ्यांची डबी घेतली आणि माझ्या कानापाशी हलवली. आतल्या तीस गोळ्या खुळखुळल्या. "एसटीत दिंडोरीपर्यंत हे वाजत जाईल. कुणीतरी विचारील काय गं वाजतंय." मग तिनं पिशवीतून कापूस काढला, डबीत ठासून भरला, झाकण लावलं आणि पुन्हा माझ्या कानापाशी हलवली. आवाज नाही. "ने आता."

चार वर्षांत माझ्या आजारपणाविषयी माझ्याशी साध्या आवाजात बोललेली ती पहिली बाई. समुपदेशक ताईही चांगल्या होत्या, पण त्या टेबलाच्या पलीकडे होत्या. ही बाकावर होती.

पुढच्या तारखेला मी तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी नेली. तिनं आणखी एकीला बोलावलं. आज आम्ही अकरा जणी आहोत. येवला, निफाड, सुरगाणा, नाशिक रोड, सिडको, एक मालेगावची. एकमेकींच्या तारखा जुळवून घेतो. आधी झाडाखाली बसायचो, पाऊस आला की ठक्कर बाजारच्या स्टँडवर. भाकरी, ठेचा, जिनं जे आणलं ते मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी खायचं. ज्यांना घरी ताट वेगळं आहे अशा दोघी आमच्यात आहेत. त्या दोघी सगळ्यांत आधी हात घालतात.

आम्ही तिथे काय करतो, हे लोकांना वाटतं तसं नाही. रडणं पहिल्या दोन-तीन वेळा. नंतर कामाच्या गोष्टी असतात. आधीच्या गोळीनं रात्री गरगरायचं आणि भलतीसलती स्वप्नं पडायची. मला वाटायचं मला वेड लागतंय. निफाडच्या ताईनं सांगितलं, अगं, ते त्या गोळीचं आहे, मलाही पडायची, रात्री झोपायच्या वेळीच घे म्हणजे गरगरणं झोपेत जातं. एवढ्या एका वाक्यानं माझी गोळी सुटायची वाचली. एकीचा नवरा गेल्यावर दिरानं वारसनोंदीत तिचं नावच घातलं नव्हतं, "हिचे किती दिवस उरलेत" म्हणून. हिंदू वारसा कायद्यात विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे, हे आमच्यातलीच एक वकिलाकडून विचारून आली. मग चौघी मिळून तलाठ्याकडे गेलो, मृत्यूचा दाखला, अर्ज, तीन खेटे. आता सातबाऱ्यावर तिचं नाव आहे, आणि तिचे "किती दिवस" संपायची वाट बघणारा दीर अजून वाट बघतो आहे. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांच्या सहा पट असतो, म्हणून ती तपासणी करून घ्यायला आम्ही दोघी-दोघींच्या जोडीनं जातो. एकटी गेली की लाजेनं अर्ध्या वाटेतून परत येते, हा अनुभव आहे.

आणि आमच्यातल्या एकीनं मागच्या वर्षी दुसरं लग्न केलं. नवराही पॉझिटिव्ह, दोघांचीही औषधं नीट सुरू. आदल्या दिवशी हळद लावायला आम्ही दहा जणी गेलो. दहांतल्या सात विधवा. नवरीनं सांगितलं, "हळद लावीन तर ह्यांच्याच हातची." येवल्याच्या ताईनं सगळ्यांत आधी बोटं वाटीत बुडवली. एवीतेवी कुणी तिला हळदीकुंकवाला बोलावत नाही.

लॉकडाऊनमधलं एक सांगायचं राहील. २०२० च्या मार्चअखेरीला एसटी बंद झाली तेव्हा सुरगाण्याच्या आमच्या बहिणीकडे चार गोळ्या उरल्या होत्या. केंद्राचे लोक गोळ्या पोहोचवायला धडपडत होते, तीन-तीन महिन्यांच्या एकदम देतही होते, पण तिच्या पाड्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला असता. भाजीच्या गाड्या मात्र सुरू होत्या. तिच्या पाड्याकडून एक पिकअप माल भरून नाशिकच्या मार्केटला यायचा आणि रिकामे कॅरेट घेऊन परत जायचा. नाशिक रोडच्या ताईची गोळी तीच होती. तिनं आपल्या डबीतल्या पंधरा मोजून काढल्या, कापसात गुंडाळल्या आणि ड्रायव्हरभाऊला सांगितलं, बीपीच्या आहेत, म्हातारीला द्यायच्यात. रिकाम्या कॅरेटांच्या थप्पीत सगळ्यांत खालच्या कॅरेटमधून त्या गोळ्या घाट चढून गेल्या. तिची एकही गोळी चुकली नाही.

ताई, आपल्याला गटात पंचसूत्री शिकवली जाते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. मी विचार केला तर आमचा तो झाडाखालचा गोल या पाचही सूत्रांवरच उभा आहे. बैठक तारखेला ठरलेली. बचत दर वेळी शंभर रुपये, जिला गाडीभाड्याची अडचण असेल तिनं त्यातून घ्यायचं. उसन्या दिलेल्या पंधरा गोळ्या पुढच्या तारखेला परत आल्या, मोजून. हे सगळं मी तुमच्याकडून शिकले आणि तिकडे नेलं. तिकडून मला जे मिळालं, ते मात्र तुमच्याकडे आणू दिलं गेलं नाही.

भारतात बायकांनी असं एकत्र येणं नवं नाही. १९९८ साली चेन्नईत पी. कौसल्या आणि त्यांच्यासारख्या काही बायकांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांची संघटना सुरू केली, तेव्हा तर देशात फुकट औषधंही मिळत नव्हती. ती २००४ च्या एप्रिलपासून सुरू झाली. औषध नसताना, उद्याची खात्री नसताना त्या बायका नाव सांगून, चेहरा न झाकता बोलल्या. मी फार उशिरा बोलले. पण बोलल्यावर एक झालं. तीन महिन्यांत आजूबाजूच्या गावांतल्या दोघी रात्री माझ्या घरी आल्या. दोघींनाही बरीच वर्षं झाली होती आणि दोघीही बचत गटात आहेत. कोणत्या, ते मी सांगणार नाही.

तुमच्या गटात कुणी आहे का हे शोधू नका. कायद्यानंही तसं करता येत नाही. एचआयव्हीविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात लिहिलं आहे की कोर्टाचा हुकूम नसेल तर कुणालाही स्वतःचा आजार सांगायला भाग पाडता येत नाही, आणि विश्वासानं सांगितलेली दुसऱ्याची गोष्ट तिच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. नोकरीवरून, शाळेतून, भाड्याच्या घरातून काढता येत नाही. राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही. त्या घरात राहायचा तिचा हक्क या कायद्यात वेगळा लिहिलेला आहे. शंभर किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार ऐकायला अधिकारी नेमावा लागतो. आपल्याकडच्या मोठ्या पॅकहाऊसमध्ये हंगामात किती बायका असतात ते तुम्हाला माहीतच आहे. तिथे असा अधिकारी आहे का, हे तुमच्या ग्रामसंघानं, म्हणजे गावातल्या गटांच्या संघानं, जाऊन विचारलं तर ते एकट्या बाईनं विचारण्यापेक्षा सोपं जाईल.

पण कायदा आणि हातात पडणारी गोष्ट यांच्यामध्ये लाज उभी आहे. एसटीत आम्हाला पूर्ण सवलत आहे. आमच्या अकरांपैकी एकही ती घेत नाही. कंडक्टर आपल्याच भागातला, बसमध्ये आपलीच माणसं, तिथे तो कागद कुठून काढणार? २०२३ च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा आम्हाला केवढं बरं वाटलं! सगळ्यांबरोबर, कारण न सांगता, अर्धं तिकीट. मला तुमच्याकडूनही तेच हवं आहे. जे सगळ्यांना आहे ते, कारण न विचारता.

तर मागणं असं. गटातल्या कुणी "मला एचआयव्ही आहे" असं सांगितलं, किंवा कुठून कळलं, तरी तिचा हप्ता घ्या आणि तिला कर्जही द्या. "ही गेली तर फेडणार कोण?" हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मी दोन कर्जं घेतली, एक मशीनला, एक शेळ्यांना, दोन्ही मुदतीत फेडली. दप्तरात माझ्याच अक्षरात नोंद आहे. वेळेवर औषध घेणारी बाई इतरांसारखीच म्हातारी होते. तिला दप्तर ठेवता येतं, तिला अध्यक्षही करता येतं.

ग्रामसंघाला खोली असेल तर महिन्यातून एक दुपार आमच्यासारख्यांना बसायला द्या. किल्ली द्या, पाण्याचा माठ भरून ठेवा, आणि बाहेर बोर्ड लावू नका. चांगल्या मनानं लावलेल्या बोर्डामुळेच बायका यायच्या थांबतात.

आणि वर्षातून एका बैठकीला आमच्यातल्या एकीला बोलवा. भाषणाला नको, हार-नारळ नको. सतरंजीवर बसू द्या, तासभर तुमचे प्रश्न विचारा, कितीही आडवे असले तरी. आमच्यातल्या चौघी यायला तयार आहेत. १०९७ हा फुकट फोनचा नंबरही आहे. ज्यांना तोंडावर विचारायला संकोच वाटेल त्यांनी तिथे विचारावं. पण चहा मात्र आमच्याबरोबर घ्या, एकाच ट्रेमधले कप उचलून.

खाली मी नाव लिहीत नाही, याचं कारण सांगते. माझ्या गावात माझं नाव झाकलेलं नाही. पण माझ्या नावाला माझ्या मुलीचं नाव जोडलेलं आहे. ती यंदा बारावीला बसली, पुढे नाशिकला कॉलेजात जाईल. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "आई, तू गावात बोललीस ते मला आवडलं. पण कॉलेजात मला आधी मी म्हणून जाऊ दे, मग मी सांगेन." उघडपणे जगायचं ठरवलं ते मी, तिनं नाही. तिला तिचा वेळ मिळायला हवा.

माझ्या गटातल्या बायकाही हे पत्र वाचतील. त्यांना एवढंच सांगायचं आहे. निळ्या लोकरीचं ते लाटणं माझ्याकडे आहे, मी त्यावर घरच्या पोळ्या लाटते. यंदा उडीद दळून आला की मी पापडाला येणार आहे. निरोप आला तरी आणि नाही आला तरी. येताना लाटणं आणणार नाही. ढिगातलं जे हाताला लागेल ते घेईन, आणि माझे पापड तुमच्या साडीवर वाळत घालीन.

तुमचीच,
दिंडोरी तालुक्यातली एक सभासद